एक घर, चार खाती

(दृश्य: डब्लिन. पावसात भिजलेला किल्डेअर स्ट्रीट, लोखंडी फाटक, मागे राखाडी दगडाची इमारत.)

ही आयर्लंडची संसद. इमारतीचं नाव लेन्स्टर हाउस. 1740 च्या दशकात एका उमरावाने स्वतःला राहण्यासाठी हा वाडा बांधला. म्हणजे सामान्य माणसाच्या घराच्या हप्त्यांवर जिथे वर्षानुवर्षं भांडणं झाली, ती जागाही मुळात कुणाचं तरी घरच होती.

सप्टेंबर 2013 अखेरचे आकडे पाहा. लोक स्वतः राहत असलेल्या घरांवरची सुमारे 99 हजार कर्जखाती नव्वद दिवसांहून जास्त थकलेली होती. जवळपास दर आठ गृहकर्जांमागे एक.

हे एका रात्रीत झालं नव्हतं. भरभराटीच्या काळात तिथल्या बँका घराच्या किमतीच्या शंभर टक्के कर्ज द्यायला लागल्या होत्या. 2007 मध्ये किमती शिखरावर पोहोचल्या आणि नंतरच्या पाच-सहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्या. बेरोजगारी पंधरा टक्क्यांच्या घरात गेली. पगार बंद, घराची किंमत निम्मी, कर्ज मात्र जिथल्या तिथे. घर विकून मोकळं व्हावं म्हटलं तरी कर्ज फिटत नव्हतं. बँकेला किल्ली परत केली तरी उरलेली रक्कम माणसाच्या मानगुटीवर राहतच होती.

मग चूक कुणाची?

4 डिसेंबर 2011. पंतप्रधान एन्डा केनी टीव्हीवरून देशाशी बोलले. या संकटाला तुम्ही जबाबदार नाही, असं त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितलं. दोन महिनेही झाले नाहीत, तोच जानेवारीत ते दावोसला गेले आणि तिथल्या व्यासपीठावरून म्हणाले, आमच्याकडे लोक वेड्यासारखी कर्जं घेत सुटले होते. घरच्यांसमोर एक आणि पाहुण्यांसमोर दुसरंच! विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पण खरं सांगायचं तर ही दोन्ही वाक्यं त्या संसदेत रोजच ऐकू येत होती, फक्त वेगवेगळ्या बाकांवरून.

(दृश्य: मेयो परगणा. दगडी कुंपणं, ओसाड माळ, पडक्या घराची चौकट.)

केनी मूळचे या मेयो परगण्यातले. 1879 मध्ये कुळांची जमीन चळवळ इथेच उभी राहिली. खंड थकला म्हणून कुळाला घराबाहेर काढायचं, ही तेव्हाची रीत. 1880 मध्ये इथल्या लोकांनी एका जमीनदाराच्या कारभाऱ्याला पूर्ण वाळीत टाकलं. कापणीला माणूस मिळेना, दुकानदार माल देईना. त्या कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तो त्याच्याच नावाचा.

म्हणून घरातून बाहेर काढण्याची भाषा आयरिश संसदेत कुणालाही सहज उच्चारता येत नाही. जप्त्या सरसकट झाल्या नाहीत, त्यामागे ही आठवण आहेच. कायद्यातली एक फटही आहे. 2009 च्या जमीन कायद्यात जुन्या तारणांवरची जप्तीची तरतूद नीट राखायची राहून गेली. 2011 मध्ये उच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आणि अनेक दावे अडकले. ही फट बुजवायला 2013 उजाडलं.

(दृश्य: सभागृह. अर्धवर्तुळाकार बाकं, त्यातली बरीच रिकामी.)

आता या थकलेल्या कर्जांवरच्या संसदेतल्या चर्चेकडे. मतदारांना भेटायच्या ठरल्या वेळेला तिथले खासदार ‘क्लिनिक’ म्हणतात. तिथे ऐकलेली दुखणी ते सभागृहात मांडत. पण दुखणं एक आणि डॉक्टर चार, अशी गत. बँका अर्थ खात्याकडे, दिवाळखोरी न्याय खात्याकडे, व्याजाला मदत समाजकल्याण खात्याकडे आणि घरांचा विषय तेव्हाच्या पर्यावरण व स्थानिक शासन खात्याकडे.

अर्थ खात्यापासून सुरू करू. बँका वाचवायला सरकारने सुमारे 64 अब्ज युरो ओतले. एआयबी या मोठ्या बँकेची 99 टक्क्यांहून जास्त मालकी सरकारकडे आली. मग बँकेला हुकूम का देत नाही, असं विरोधक विचारत. रोजच्या व्यवहारात आम्ही हात घालत नाही, हे मंत्र्यांचं ठरलेलं उत्तर. मालक आपणच, आणि मालकाला बोलायची सोय नाही!

न्याय खात्याचं काम त्यामानाने ठोस होतं. पूर्वी आयर्लंडमध्ये दिवाळखोराचा शिक्का पुसायला बारा वर्षं लागत. त्यामुळे ज्यांना जमलं त्यांनी ब्रिटनमध्ये बस्तान हलवलं, कारण तिथे हेच काम एका वर्षात होई. 2012 च्या कायद्याने बारावरून मुदत तीन वर्षांवर आली आणि 2016 पासून एक वर्षावर. शिवाय घर न विकता धनकोंशी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांशी, तडजोड करायचा मार्गही त्याच कायद्याने दिला. मुख्य अट अशी की कर्जाच्या रकमेच्या हिशेबाने 65 टक्के धनको राजी हवेत. आता ज्याच्या घरावर मोठं कर्ज, त्याचा सगळ्यात मोठा धनको कोण? तीच बँक. तिने मान हलवली नाही की प्रकरण तिथेच संपलं. बँकेच्या नकारावर न्यायालयात दाद मागायची सोय 2015 च्या दुरुस्तीने झाली. मधली दोन-तीन वर्षं ज्यांची गेली, ती गेली.

(दृश्य: टेबलावर पसरलेला छापील तक्ता. बोट एकेका ओळीवरून सरकतं.)

हा तक्ता एप्रिल 2013 चा. तडजोडीत असलेल्या माणसाने महिन्याला कशावर किती खर्च करणं ‘वाजवी’, हे नव्या सरकारी दिवाळखोरी सेवेने ठरवलं. गाडी नसलेला एकटा माणूस. अन्न, 247 युरो 04 सेंट. लोकांत मिसळणं, 125 युरो 97 सेंट. चार सेंट! 64 अब्जांचा हिशेब चालवणारं सरकार इथे चार सेंटांपर्यंत उतरलेलं दिसतं. त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं. हा तक्ता नसता तर हातात किती ठेवायचं, हे बँकेने ठरवलं असतं.

समाजकल्याण खातं गृहकर्जाच्या व्याजापुरती मदत देत असे. मुद्दल ज्याचं त्याने पाहायचं. आठवड्याला तीस तास किंवा जास्त काम असेल तर तीही नाही. 1 जानेवारी 2014 पासून नवे अर्ज बंद झाले. आधीच्यांची मदत टप्प्याटप्प्याने थांबवत 2017 अखेर योजनाच गुंडाळली. हप्ता हा बँक आणि कर्जदार यांच्यातला मामला, ही त्यामागची भूमिका. पण मदत थांबली तरी ते कुटुंब कुठेतरी राहणारच होतं.

त्याचं उत्तर चौथ्या खात्यात मिळतं. 2012 पासून तिथे गहाण घर भाड्याच्या घरात बदलायची योजना आहे. हप्ते झेपणार नाहीत हे नक्की झालं की माणूस मालकी सोडतो. ना-नफा तत्त्वावर भाड्याने घरं देणारी एखादी गृहसंस्था बँकेकडून घर विकत घेते, त्यासाठी सरकारी पैसा लागतो आणि तेच कुटुंब त्याच घरात, उत्पन्नाच्या मानाने भाडं भरत राहतं. व्याजाला पैसे नव्हते, खरेदीला निघाले.

(दृश्य: एक दार. पत्रपेटीच्या फटीतून पाकीट आत पडतं.)

दार तेच, मुलांची शाळा तीच. बँकेची पत्रं बंद होतात. त्यांच्या जागी गृहसंस्थेचं पाकीट येतं, त्यात भाड्याची रक्कम आणि दुरुस्तीसाठी फोन करायचा नंबर. छप्पर गळलं तर आता ते नीट करायचं काम घरमालकाचं.