भरतीच्या पाण्यात उभं जंगल, पण पाणी गोडं!

तर मंडळी, हे माझ्या हातात आहे ते भाजीवाल्याकडचं साधं अळूचं पान. आज ह्याच्या एका लांबच्या चुलतभावाला भेटायला जायचंय, पार अमेरिकेत, ओरेगनमधल्या ॲस्टोरिया गावाजवळ, कोलंबिया नदीच्या मुखाशी.

आता भरती म्हटली की आपल्याला खाडी आठवते, खारफुटी, खारट चिखल. इथे गंमत वेगळी आहे. कोलंबिया एवढी दांडगी नदी आहे की समुद्राचं खारं पाणी फार आत शिरूच शकत नाही, पण भरतीचा रेटा मात्र शिरतो, त्यामुळे मागचं नदीचं गोडं पाणी तुंबतं आणि वर चढतं, दिवसातून दोनदा, आणि हे वर-खाली थेट बॉनव्हिल धरणापर्यंत जाणवतं, म्हणजे सुमारे २३५ किलोमीटर आत!

मुखाकडच्या भागात, ब्लाइंड स्लू वगैरे ठिकाणी, ह्या पाण्यात सिटका स्प्रूसचं जंगल उभं आहे. सूचीपर्णी झाड, पानं अशी टोकदार की मुठीत धरली तर हाताला टोचतात. पण गंमत ऐका, ह्या झाडाच्या मुळांना सतत पाण्यात बुडून राहणं झेपत नाही. मग ते जगतं कसं? तर जुनं झाड कोसळतं, आडवं पडतं, त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि नवं रोप त्या मेलेल्या खोडावर उगवतं! हात-दीड हात उंची मिळाली की काम झालं. रोपाची मुळं खोडाला मिठी मारून खाली उतरतात, पुढे कित्येक वर्षांनी ते खोड कुजून जातं आणि झाड आपल्याच मुळांच्या पायांवर उभं राहतं, खाली चक्क पोकळी. कुठेकुठे चार-पाच झाडं एका रांगेत दिसतात, कुणी लावल्यासारखी. कुणी लावली नाहीयेत, खाली ओंडका होता.

उंचवट्यावर मग बाकीची पण गर्दी करतात. ट्विनबेरीचं झुडूप, ज्याला दोन-दोन काळी फळं जोडीने येतात लालभडक झालरीत, रानटी क्रॅबॲपल, आणि फांद्यांवरच्या शेवाळात लिकरिस फर्न, ज्याची मुळी ज्येष्ठमधासारखी गोड लागते.

आणि खाली खड्ड्यात, चिखलात? तिथे आपला पाहुणा. स्कंक कॅबेज. नावात कोबी असला तरी कोबीशी काही नातं नाही, हा अळूच्या कुळातला. वसंताच्या सुरुवातीलाच पिवळाधमक द्रोण वर येतो, मध्ये दांडा, आणि वास असा की नाक धरावं, पण बारीक भुंग्यांना तोच आवडतो आणि परागीभवन तेच करतात. पान मीटरभर लांब होतं. आणि हो, घशाला खाजवणारे स्फटिक ह्यातही आहेत, अळूसारखेच. तिथले मूळ रहिवासी ही मेणचट पानं खायच्या वस्तू गुंडाळायला, टोपलीत अंथरायला वापरायचे. केळीचं पानच की!

दुःखाची गोष्ट अशी की ह्यातलं बरंचसं जंगल बांध घालून शेती-कुरणं करताना गेलं. आणि आज बांध फोडला तरी लगेच स्प्रूस येत नाही, कारण कोरडी पडलेली जमीन मधल्या काळात खचलेली असते, भरतीचं पाणी आता जास्त खोल चढतं. ओंडकेही नाहीत. म्हणून काही ठिकाणी मातीचे ढिगारे रचून त्यांच्या डोक्यावर रोपं लावतायत.