सड्यावरून पुळणीपर्यंत

(दृश्य : अंधार. विजेरीचा झोत. धावणारी पावलं.)

पहाटेचे साडेपाच. दापोली. जुनी माणसं अजून या गावाला कॅम्पच म्हणतात. इंग्रजांची छावणी इथे पडली, तेव्हापासूनचं ते नाव. आपण समुद्रापासून सुमारे ८०० फूट उंचीवर, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर आहोत. इथून आसूदच्या बागांमधून मुरूडच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उतरायचं आहे. धावत. अंतर फार नाही, पण तेवढ्यात पायाखालची जमीन तीनदा बदलते : डांबर, जांभा आणि ओली वाळू.

पश्चिमेला चंद्र अजून दिसतोय, तो बघून ठेवा. आज वद्य द्वितीया. धावायचा दिवस आम्ही भरती-ओहोटी बघून ठरवला. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब तोंडी असतो : तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ हाती येते. दोन पाऊण दीड. म्हणजे आजची भरती दुपारी दीडच्या सुमाराला, आणि तिच्या आधी सहा तास, सकाळी साडेसातला, ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा. त्या दिवशी सकाळी सहाला पाणी चढलेलं असतं आणि धावायला वरची भुसभुशीत वाळू तेवढी उरते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं, आणि पुळण दुप्पट झाल्यासारखी वाटते. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, जरूर बघा. पण ही पाऊणकी एकदा डोक्यात बसली, की आभाळातल्या चंद्राकडे बघूनही किनाऱ्याचा अंदाज येतो.

(दृश्य : उजाडतंय. दोन गडग्यांमधली पाणंद.)

डांबरी रस्ता सोडला. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, पलीकडे आंबा-काजू, मधे ही पाणंद. जांभा खाणीतून कापताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो. त्यातल्या लोहामुळे त्याला हा लाल रंग. जवळून बघा, दगडभर छिद्रं आहेत. पाऊस त्यात मुरतो, आणि खरबरीतपणामुळे बुटाच्या तळव्याला पकड मिळते. अर्ध्या तासात पोटऱ्यांपर्यंत लाल धूळ चढली आहे.

(दृश्य : आसूद. पोफळी. पाटाचं पाणी.)

आसूद. दापोलीपासून सहा-सात किलोमीटर. इथे वेग कमी करा. वाट बागेतून खाली उतरते, ओढ्यावरचा साकव ओलांडते आणि केशवराजाच्या देवळाकडे चढू लागते. नारळी-पोफळींच्या दाटीत ऊन खाली पोचतच नाही.

ही पाखाडी आम्ही मुद्दाम सावकाश दाखवतोय. पाखाडी म्हणजे चिरे बसवून केलेली चढउताराची वाट. कोकणातल्या वाड्या अशाच वाटांनी एकमेकींशी जोडलेल्या होत्या. बाजार, शाळा, देऊळ, माहेर, सगळीकडे जायचं ते यांवरूनच. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला सलग चढता यावं, अशा बेताने पायरी बसवलेली असते. म्हणून धावणाऱ्यालाही ती जमते. गुडघा फार उचलावा लागत नाही.

आता या एका पायरीकडे बघा. मधोमध झिजून वाटीसारखी खोल झाली आहे. पिढ्यान् पिढ्या पाऊल तिथेच पडत आलंय, आणि आपलंही आपसूक तिथेच पडतं. पण शेवाळ धरतं तेही तिथेच. झिजलेल्या भागात ओल टिकते आणि सावलीत ती वाळत नाही. म्हणून पायरीच्या कडेने चढायचं. पाऊल लहान, नजर तीन पायऱ्या पुढे. गळून पडलेल्या पोफळीच्या झावळीवर पाय द्यायचा नाही, ओली असली की पायाखालून सरकते. उतरताना टाच आदळू नका. थोडं तिरकं उतरा.

(निवेदन नाही. पाटाचं पाणी आणि श्वास. २० सेकंद.)

देवळाशी गोमुखातून पाणी पडतं. ओंजळीने प्या, तोंडावर मारा, बाटली भरून घ्या.

अशा कित्येक पाखाड्यांवर आता सिमेंट ओतलंय, कित्येक रानात बुजल्यात. रस्ता हवाच. आजारी माणसाला न्यायला गाडी वाडीपर्यंत आलीच पाहिजे. पण रस्ता झाला म्हणून पाखाडी मोडायला हवी असं नाही. चिरे पुन्हा बसवता येतात, आणि ते बसवणारे हात अजून याच गावांत आहेत.

(दृश्य : मुरूड. रस्ता, दुतर्फा घरं.)

हे मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते इथे. १८७५ साली, सतराव्या वर्षी, परीक्षेला बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर इथून चालत साताऱ्याला गेले. कुंभार्ली घाट चढून, भर पावसात, चार दिवसांत सुमारे ११० मैल. मूर्ती लहान दिसते, वय भरत नाही, असं सांगून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. मग तीच वाट परत. पुढे वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळालं. मुरूडच्या रस्त्यावरून धावताना आम्हाला नेहमी आठवतो तो घाट चढणारा मुलगा.

(दृश्य : सुरूचं बन संपतं. समुद्र.)

पावणेआठ. ओहोटी. बूट काढायचे असतील तर आता काढा. धावायची पट्टी ही : लाट नुकती मागे सरली आहे आणि वाळू अजून चकाकते आहे, तिच्या जरा वरची. पाय रुतत नाही आणि दणकाही बसत नाही. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एका बाजूचा पाय सतत खाली पडतो. जितकं गेलात तितकंच त्याच पट्टीवरून परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखा ताण येईल.

(दृश्य : जवळून, वाळूच्या गोळ्या.)

मोहरीपेक्षा जरा मोठ्या या गोळ्या बारीक खेकड्यांनी केल्या आहेत. ओहोटी लागली की खेकडा बिळातून वर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळाभोवती किरणांसारख्या ओळी उमटत जातात. नक्षी जेवढी पसरलेली, तेवढा वेळ पाणी उतरून झाला. बोटाचं नख ठेवून बघा, एका नखावर दोन-तीन गोळ्या मावतात.

आणखी वर, भरतीच्या रेषेपलीकडची कोरडी वाळू मात्र सोडून द्या. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री तिथे येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. म्हणून पहाटे पुळणीवर विजेरी लावू नका. उत्तरेकडच्या वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि आता दापोलीच्या किनाऱ्यावरही ते चालतं. सुट्टीच्या दिवसांत इथे गाड्या उतरतात. चाकाखाली घरटं गेलं तर वरून कळतही नाही. गाडी वरच लावा.

(दृश्य : चाकांचे ठसे. कुंपणाची जाळी. समुद्राकडे निघालेलं एक पिल्लू. निवेदन नाही.)

(दृश्य : हर्णै. बैलगाड्या पाण्यात.)

ज्यांच्या पायांत अजून दम आहे त्यांनी उत्तरेला हर्णैपर्यंत जावं. मचवे किनाऱ्याला लागत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात शिरतात आणि मासळी घेऊन लिलावाकडे येतात. समोर सुवर्णदुर्ग. इथे धावू नका. कामाची जागा आहे, गाडीवाटेच्या कडेने चाला.

परत दापोलीला जायचं तर ते ८०० फूट आता चढायचे आहेत. उन्हं वर आली आहेत. आसूदपर्यंत सावली नाही. गोमुखावर भरलेली बाटली जपून वापरा.