देवाला वकील मिळतो, समुद्राला का नाही?

पत्रिकेवर विषय छापलाय 'जागतिक सामायिक पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय निर्णयप्रक्रिया'. तो वाचूनसुद्धा तुम्ही एवढे लोक आलात, म्हणजे एकतर तुम्ही फार सोशिक आहात नाहीतर आज मॅच नाहीये. असो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही हे मला माहितीये. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेला खुला समुद्र, त्याचा तळ, अंटार्क्टिका, वातावरण, यांच्याबद्दल जिथे जिथे निर्णय होतात तिथे टेबलाभोवती सगळे वापरणारे बसलेले असतात. ज्याच्याबद्दल चाललंय त्याच्या वतीने बोलणारा, आणि ज्याला त्यातून दमडी मिळणार नाही, असा एकही माणूस तिथे नसतो. तो माणूस बसवता येतो, कायद्यात त्याची सोय शंभर वर्षांपासून आहे, आणि गंमत म्हणजे ती आपल्याकडच्याच एका भांडणातून पक्की झालीय.

त्यासाठी आधी कलकत्त्याला जाऊ.

तिथे मलिक नावाचं एक श्रीमंत घराणं होतं. घरचा देव होता, देवाच्या नावाने इस्टेट होती आणि देवाची सेवा भाऊबंदांत पाळीने वाटलेली. आता एकाचं म्हणणं, माझी पाळी आली की मी देव माझ्या घरी नेणार, दुसरा म्हणतो अजिबात नाही, देव आहे तिथेच राहील. हसू नका, आपल्याकडे गणपती कुणाकडे बसवायचा यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले आहेत, ह्या हॉलमध्येही दोनचार असतील. फरक एवढाच की मलिक मंडळी थेट लंडनपर्यंत गेली, प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टात. म्हणजे कल्पना करा, काळे कोट घातलेले इंग्रज न्यायाधीश, आणि प्रश्न काय तर कलकत्त्याच्या देवाने कुठल्या घरी मुक्काम करायचा.

1925 चा निकाल आहे, लॉर्ड शॉ यांनी लिहिलेला. मला तो इतका आवडतो की वकिली सोडली तरी मी तो लोकांना सांगत फिरतो, बायको म्हणते आता देवच तुम्हाला नोटीस पाठवेल. तर लॉर्ड शॉ काय म्हणाले, की मूर्ती म्हणजे कपाट नाही, उचललं आणि नेलं. ती कायद्याने व्यक्ती आहे, आणि तिने कुठे राहायचं यात तिची स्वतःची इच्छा मानली पाहिजे. आता देवाची इच्छा कळणार कशी? वादी म्हणणार मला कळते, प्रतिवादी म्हणणार मला कळते. मग कोर्टाने सांगितलं की दोघांपैकी कुणीही नको, देवाच्या वतीने बोलायला ज्याचा यात काहीही स्वार्थ नाही असा नेक्स्ट फ्रेंड कोर्टाने नेमावा आणि मग देवाची बाजू ऐकावी. आणि घरातल्या बायकांनाही बोलू द्यावं, कारण त्याही पूजा करतात आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. 1925 साली! भाऊबंद एवढी वर्षं भांडले आणि दोन पक्षांना कुणी विचारलंच नाही, एक देव आणि दुसऱ्या घरातल्या बायका.

बरं, हे आपल्या देशापुरतं आहे असं म्हणाल तर दुसरी केस ऐका. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात पथूर म्हणून गाव. तिथे 1976 मध्ये खणताना एका मजुराला ब्राँझचा नटराज सापडला, बाराव्या शतकातला. मग जे होतं तेच झालं, हातोहात विकत विकत मूर्ती लंडनला, आणि 1982 मध्ये कॅनडाच्या एका कंपनीने ती घेतली. मूर्ती साफसफाई-दुरुस्तीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना पोलिसांनी जप्त केली आणि दावा उभा राहिला. दावेदार कोण कोण, तर भारत सरकार, तामिळनाडू सरकार, आणि स्वतः ते देऊळ. देऊळ कसलं, पडीक, नुसते अवशेष उरलेले. तरी 1991 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने मान्य केलं की तुमच्या देशाच्या कायद्याने हे देऊळ व्यक्ती आहे ना, मग आमच्याकडेही त्याला दावा लावता येईल, आणि देऊळ जिंकलं, नटराज घरी आला. म्हणजे ज्या इंग्लंडच्या कायद्यात असं काही नव्हतं तिथेही पडक्या भिंतींना कोर्टात उभं राहता आलं. उद्या कुणी म्हणालं की समुद्र काय बोलणार, तर त्याला पथूरला पाठवा.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरात तुम्ही मला धराल. देव मालक असला म्हणून सगळं ठीक होतं का? देवस्थान इनामाच्या जमिनींचं आपल्याकडे काय झालं ते ज्यांनी तलाठ्याकडे खेटे घातलेत त्यांना विचारा. माझ्याकडेच एक प्रकरण होतं, गाव सांगत नाही, लोक अजून तिथे राहतात. देवाच्या दिवाबत्तीसाठी म्हणून दिलेली चांगली बागायत जमीन. सातबारावर आधी देव आणि खाली वहिवाटदार, मग दोन पिढ्यांत वहिवाटदार वर सरकला आणि देव इतर हक्कात गेला, मग तिथूनही गेला, आणि मी देवळात गेलो तेव्हा समईत तेल नव्हतं. पुढे ऊस डोलतोय आणि आत अंधार. त्या घरातले लोक वाईट होते असं नाही हं, त्यांनी मला चहा दिला, गूळ दिला, आणि अगदी मनापासून सांगितलं की अहो देवाचं आम्हीच तर बघतो. सप्टेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था बघणारा, कब्जेदाराच्या रकान्यात त्याचं नाव नको. उशीर झाला, पण झालं. म्हणून नुसता पालक नेमून भागत नाही, पालकाला त्या जमिनीतला ऊस मिळता कामा नये, 1925 च्या निकालातला जीव तिथे आहे.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बघा, मी म्हणलं नव्हतं?

तर मुख्य विषय, आता पळत पळत. 1 नोव्हेंबर 1967 ला माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी युनोत भाषण केलं, की खोल समुद्राचा तळ कुणा एका देशाचा नाही, तो सगळ्या मानवजातीचा वारसा समजा, नाहीतर ज्याच्याकडे तंत्रज्ञान तो ओरबाडणार. त्यातून 1982 चा समुद्र कायदा करार आला आणि जमैकात किंग्स्टनला इंटरनॅशनल सीबेड अथॉरिटी, म्हणजे समुद्रतळाचा कारभार बघणारी संस्था, बसली. कागदावर ती मानवजातीच्या वतीने काम करते. पण उत्खननाचे नियम तीच करणार, परवाने तीच देणार, शोधपरवान्याच्या अर्जालाच 5 लाख डॉलर फी, आणि पुढे खनिज निघालं तर त्याचा वाटाही तिच्याचमार्फत वाटला जाणार. कळलं ना मी काय म्हणतोय? वहिवाटदार! आणि यात आपणही आहोत बरं का, उगाच पाश्चात्त्यांना शिव्या देऊ नका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने 26 जानेवारी 1981 ला तळावरचे पहिले धातूचे गोळे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात आपल्याकडे 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, जवळजवळ पाव महाराष्ट्र. मला त्या शास्त्रज्ञांचा अभिमानच आहे, फक्त त्या तळाच्या बाजूने बोलायला आपल्याला बोलावू नये एवढंच.

अंटार्क्टिकाचं बरं आहे, 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलने खाणकामाला बंदी आहे. पण निर्णय घेणारे देश 29, आपण 1983 पासून त्यात, आणि सगळं एकमताने. भोवतालच्या समुद्रासाठी वेगळा आयोग, तिथेही एकमत, त्यामुळे पूर्व अंटार्क्टिकाजवळचं संरक्षित क्षेत्र रशिया आणि चीनने दहा वर्षांहून जास्त अडवून धरलंय. पर्यावरणवाल्या संघटना बैठकीला असतात, बोलतातही, त्यांचं ऐकून घेतात आणि पुढचा विषय घेतात. देवमाशांचं प्रकरण घ्या, त्यांच्या शिकारीवरून ऑस्ट्रेलियाने जपानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, 2014 मध्ये 12 विरुद्ध 4 असा निकाल जपानच्या विरोधात गेला, बहुमतात आपले दलवीर भंडारी होते, जे आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. छानच झालं. पण जपानने आधी हाच मुद्दा काढला होता की ऑस्ट्रेलिया स्वतः अंटार्क्टिकाच्या त्या भागावर हक्क सांगतो. चूक होता का तो? म्हणजे देवमाशांचा वकील सुद्धा शेजारच्या प्लॉटवर डोळा असलेला!

मग नेमायचं कुणाला? न्यूयॉर्कला युनोत ट्रस्टीशिप कौन्सिल आहे, जुन्या वसाहतींची देखरेख करायला काढलेली. शेवटचा पलाऊ 1994 मध्ये स्वतंत्र झाला आणि 1 नोव्हेंबरला कौन्सिलने काम थांबवलं, पार्दोंच्या भाषणाचीच तारीख, योगायोग. डेन्मार्कने भेट दिलेला सुंदर हॉल तसाच आहे. 1997 मध्ये युनोचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सुचवलं की हिला समुद्र, वातावरण यांची विश्वस्त करा. 2005 मध्ये देशांनी ठरवलं की नको, कौन्सिल काढूनच टाकू, आणि तेही अजून केलं नाही. मला अन्नान यांची कल्पना आवडते पण तशीच्या तशी नको, कारण कौन्सिलचे उरलेले सदस्य कोण, तर तेच पाच व्हेटोवाले. आणि रचना बदलायची तर युनोच्या सनदेत, म्हणजे मूळ करारात, दुरुस्ती, तिला पुन्हा त्याच पाचांची संमती.

त्यापेक्षा सनदेला हात न लावता युनोच्या महासभेने साध्या ठरावाने एक नवीन उपसंस्था काढावी. मतदान नको, व्हेटो नको, तीनच गोष्टी द्या. किंग्स्टनसारख्या बैठकांत मागच्या खुर्चीवरून नाही तर पक्षकार म्हणून बोलायचा हक्क, विषय अजेंड्यावर आणायचा हक्क, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ला मागायचा हक्क, हा तिसरा सनदेच्या कलम 96 खाली महासभा आपल्या संस्थांना देऊ शकते. सल्ल्याने काय होतं म्हणाल तर वानुआतूने लावून धरलं म्हणून महासभेने प्रश्न विचारला आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदारी आहे असं सांगितलं, पॅसिफिकमधला छोटासा बेटांचा देश हो. खुल्या समुद्राचा नवा करार जानेवारी 2026 पासून लागू झालाय, त्याच्या संस्था आत्ता घडतायत, सुरुवात तिथे करा, एकदा सवयी पडल्या की खुर्ची सरकवायला कुणी तयार होत नाही. अंटार्क्टिकावाले 29 देश मात्र महासभेचं ऐकणार नाहीत, त्यांच्याकडे वेगळ्या दाराने जावं लागेल, ते दार कुठलं हे माझ्या टिपणात चार पानं आहे आणि अध्यक्ष घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतायत. नेमणूक कोण करणार, पैसा कुठून आणणार, हे चहाच्या वेळी विचारा, पैशाचं उत्तर माझ्याकडे आहे, नेमणुकीबद्दल मला भांडायला आवडेल.