माणसं आली, की नुसत्या त्यांच्या तलवारी?

[दृश्य: ऑस्ट्रिया. तळ्याकाठचं गाव, वर डोंगरात खाणीचं तोंड.]

हालश्टाट. या गावाचं पोट तीन हजार वर्षं मिठावर चाललंय. १८४६ साली खाणीचा अधिकारी योहान गेऑर्ग रामसाऊअर याला डोंगरावर थडगी सापडायला लागली. सतरा वर्षांत त्यानं सुमारे ९८० थडगी उघडली. फोटोची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक सांगाडा, प्रत्येक कडं, प्रत्येक तलवार जलरंगात चितारून घेतली. काही तलवारींच्या मुठी हस्तिदंताच्या होत्या. हा हस्तिदंत आफ्रिकेतला. त्यात बसवलेला अंबर, म्हणजे झाडाचा दगड झालेला डिंक, मात्र बाल्टिक समुद्राकडचा. मिठाच्या पैशानं दोन्ही टोकांचा माल या डोंगरात आणला होता.

खाणीच्या आत तर मिठानं काय काय टिकवलंय! लोकरीचे रंगीत तुकडे, कातडी पिशव्या आणि खाणकामगारांची विष्ठासुद्धा. ती तपासल्यावर २०२१ मध्ये कळलं, की सुमारे २,७०० वर्षांपूर्वी हे लोक बिअर पीत होते आणि निळ्या बुरशीचं चीज खात होते.

[दृश्य: युरोपचा जुना नकाशा, त्यावर बाण.]

केल्ट, म्हणजे एकमेकींशी नातं असलेल्या भाषा बोलणाऱ्या युरोपातल्या जुन्या टोळ्या. त्यांची गोष्ट बरेच जण इथून सुरू करतात. इथल्या घडणीच्या तलवारी पुढे फ्रान्समध्ये, ब्रिटनमध्येही मिळाल्या. मग जुन्या इतिहासकारांनी नकाशावर जाड बाण काढले : केल्ट इथून निघाले, तिथे पोहोचले. पण तलवार विकत घेता येते, लुटता येते, आहेर म्हणून देता येते. तिच्यासोबत तिचा मालक आलाच होता, हे कशावरून?

कधीकधी मात्र अख्खा समाज हललेला दिसतो. इ.स.पू. ५८. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या हेल्वेटी या केल्टिक टोळीनं आपली बारा नगरं आणि सुमारे ४०० गावं स्वतःच्या हातानं पेटवून दिली. मागे फिरायचा मोहच नको! बायकापोरांसकट गाड्या जुंपून ते पश्चिमेकडे निघाले. वाटेत रोमन सेनापती ज्युलियस सीझर आडवा आला. हेल्वेटी हरले, तेव्हा त्यांच्या तळावर ग्रीक लिपीत लिहिलेल्या याद्या सापडल्या, असं सीझरच सांगतो. लढणारे किती, आणि मुलं, म्हातारे, बायका किती, अशी वेगवेगळी नोंद. एकूण ३,६८,०००. विजेत्यानं दिलेला आकडा आहे, तेव्हा चिमूटभर मीठ लावूनच घ्यावा. पण अशा याद्या करून निघालेले लोक काही लुटीपुरते निघालेले नव्हते.

ब्रिटनचं काय? तिथे जुन्या बाणांची पंचाईत झाली आहे. प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून दिसतं, की इ.स.पू. १३०० ते ८०० या काळात युरोपच्या मुख्य भूमीवरून, बहुधा फ्रान्सच्या बाजूनं, माणसं येत राहिली. पुढे लोहयुगात इंग्लंड-वेल्समध्ये जे लोक होते, त्यांचा जवळपास निम्मा वंश या आलेल्यांकडून आला होता. म्हणजे नकाशावरच्या लोखंडी तलवारींच्या आधीच माणसं पोहोचली होती. केल्टिक भाषाही त्यांच्याचबरोबर आली असावी, असं आता अनेकांना वाटतं.

[दृश्य: उत्तर समुद्र. भरतीचं पाणी, सपाट किनारा.]

आता चांगली हजार-बाराशे वर्षं पुढे. इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनवरचा रोमचा अंमल संपला. बीड नावाच्या साधूनं ७३१ साली लिहून ठेवलं, की अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या तीन टोळ्या समुद्रापलीकडून आल्या. अँगलांचा मूळ मुलूख तेव्हापासून ओस पडलाय, असंही तो म्हणतो.

हे आपल्याला तपासता येतं. जर्मनीच्या किनाऱ्यावर फेडरसन व्हीर्डे नावाचं गाव होतं. भरतीपासून वाचायला लोक माती आणि शेण टाकून जमीन उंच करत गेले, पिढ्यान्‌पिढ्या. लांबलचक घरं, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा. पाचव्या शतकात हे गाव रिकामं झालं.

समुद्रापलीकडे, इंग्लंडच्या नॉरफक भागात, स्पाँग हिल नावाची दफनभूमी आहे. तिथे दोन हजारांहून जास्त अस्थिकलश मिळाले. त्यांच्यावरचे ठसे आणि नक्षी जर्मनीतल्या कलशांशी जुळते. एका कलशाच्या झाकणावर मातीचा छोटा माणूस बसलाय. कोपर गुडघ्यांवर, डोकं दोन्ही हातांत. काळजीत पडलेला म्हणा, कंटाळलेला म्हणा.

तरी विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक अभ्यासक म्हणत होते : मूठभर सरदार आले, बाकीच्यांनी त्यांची नक्कल केली. तोच जुना प्रश्न, यावेळी कलशांच्या बाबतीत. २०२२ मध्ये उत्तर आलं. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळातले ४६० सांगाडे तपासले, त्यांतले २७८ इंग्लंडमधले. पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांचा सुमारे तीन चतुर्थांश वंश उत्तर समुद्राच्या पलीकडचा निघाला. आणि नुसते पुरुष नव्हते, बायकाही होत्या. कुटुंबंच्या कुटुंबं आली होती.

पण थडगी इतकी सरळ नाहीत. पुरुषाला शस्त्रांसह पुरलं जाण्याची शक्यता स्थानिक वंशाच्यांतही तितकीच दिसते. केंटमधल्या ईस्ट्री गावाजवळ सातव्या शतकातली एक लहान मुलगी सापडली. तिच्यासोबत मातीचं भांडं, सुरी आणि हाडाचा कंगवा, अगदी तिथल्या रिवाजाप्रमाणे. तिचा जवळपास एक तृतीयांश वंश पश्चिम आफ्रिकेतला आहे.

[दृश्य: हस्तलिखिताचं पान.]

मग जुने ब्रिटन लोक गेले कुठे? काही समुद्र ओलांडून फ्रान्सच्या टोकाला गेले, आजच्या ब्रिटनीत. काही वेल्स, कॉर्नवॉलमध्ये टिकले. बाकीचे जागेवरच राहिले आणि हळूहळू इंग्रज झाले. का झाले, याचं एक कारण कायद्यात सापडतं. इ.स. ६९० च्या आसपास वेसेक्सचा राजा इने यानं कायदे केले. त्याच्या राज्यातल्या सरदार दर्जाच्या इंग्रजाचा खून झाला, तर भरपाई १,२०० शिलिंग. पाच ‘हाइड’ (जमीन मोजायचं तेव्हाचं माप) जमिनीच्या मालक वेल्श, म्हणजे जुन्या ब्रिटन वंशाच्या, माणसाचा खून झाला, तर ६००. जमीन नसलेल्या वेल्श माणसाचे फक्त ६०.

गंमत अशी, की इनेचं राजघराणं आपला मूळपुरुष म्हणून ज्या सेर्डिकचं नाव सांगायचं, ते नाव सॅक्सन नाहीच. ब्रिटन लोकांचं आहे.