वायर आली, हेलपाटा वाचला का?

मंडळी, इंटरनेटने विकास होतो हा विषय निघाला की जागतिक बँकेचा २००९ चा आकडा कोणीतरी काढतंच. विकसनशील देशात दर १०० माणसांमागे १० ब्रॉडबँड, म्हणजे वेगवान इंटरनेटची कनेक्शनं वाढली की विकासदर १.३८ टक्क्यांनी वाढतो म्हणे. असेल बाबा. पण ती सरासरी झाली, तिच्यावरून आपल्या गावात काय होईल ते काही कळत नाही, म्हणून मी आज वारणेची गोष्ट सांगणारे.

१९९८ ला वारणानगरच्या आसपासची, कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावं कॉम्प्युटरने जोडायचा प्रोजेक्ट आला, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर गाजला. शेतीचा सल्ला मिळणार, बाजारभाव कळणार, असं बरंच काय काय ठरलं होतं. आणि शेतकरी केंद्रावर जाऊन मुख्यतः विचारायचा काय, तर उसाचं! वजन किती भरलं, तोड कधी येणार, बिलाचं काय झालं. ज्याच्या घरी ऊस आहे त्याला हे सांगायला नको, तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, पैसे घटतात आणि नुसत्या चौकशीला गेलं तरी अख्खा दिवस मोडतो. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथल्याच काही गावांत कॉम्प्युटर काढून साधा मोबाइल ठेवला, तीच माहिती एसएमएसवर, आणि चाललं की काम! ब्रॉडबँडवाल्यांना ही गोष्ट फारशी आवडत नाही, मला मात्र फार आवडते.

मग गावात फायबर, म्हणजे ब्रॉडबँडची वायर कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण आता कामं एसएमएसात मावणारी राहिली नाहीत. निराधार पेन्शनची म्हातारी गावातच अंगठा लावून पैसे घेते, तालुक्याचं एसटीभाडं वाचतं, सोबत जाणाऱ्या सुनेचा रोज बुडत नाही. हा फायदा कुठल्या विकासदरात धरतात मला माहीत नाही. पण अंगठा लावला आणि नेट गेलं, की उद्या या आजी! आणि मोबाइलला रेंज आहे ना म्हणू नका, संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर रील बघत बसलं की गोल गोल फिरतं ते तुम्हालाही माहितीये, शिवाय त्या टॉवरला तरी जोरात चालायला मागून बहुतेकदा फायबरच लागतं.

हे सरकारलाही कळलं होतं. २०११ लाच योजना मंजूर झाली, नंतर तिचं नाव भारतनेट पडलं, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत १०० एमबीपीएस वेगाचं इंटरनेट न्यायचं ठरलं. कुठे चांगली चालते, कुठे जेसीबी चर खणतो आणि वायर तुटते ती तुटतेच.

मी मागे एका पंचायतीत गेलो होतो, कुठली ते सांगत नाही. काचेच्या कपाटात इंटरनेटचा बॉक्स, त्यावर लाल दिवा लुकलुकतोय, म्हटलं बंद करून चालू तरी करून बघा. शिपाई म्हणाला, कपाटाची चावी सरपंचांकडे. सरपंच कुठेत? तर म्हणे तालुक्याला गेलेत, सातबारा काढायला.