पानाचा हंडा

नमस्कार, श्रोतेहो. जुन्या कागदांत आपलं आडनाव कसं शोधायचं, यावर आज बोलायचंय. तर आधी गाव शोधायचं, मग आडनाव. पुन्हा सांगतो, आधी गाव, मग आडनाव.

कारण ‘कर’ चिकटतो तो गाव सोडल्यावर. साताऱ्यात सगळेच सातारचे, तिथे सातारकर कुणाला म्हणणार? तोच माणूस पुण्याला आला की सातारकर. म्हणजे मूळ गावच्या दप्तरात तुमचं आजचं आडनाव बहुधा सापडतच नाही.

मी वडगावकर. वडगावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत, पण आमच्या आजोबांनी त्यातलं वडगाव मावळ पसंत केलं होतं. 1779 साली मराठ्यांनी इंग्रजांना जिथे तह करायला लावला, तेच. त्या लढाईत आपले पूर्वज होते, हे आजोबा दर दसऱ्याला सांगायचे. सोनं वाटायच्या आधी.

मागे आत्याला घेऊन नाशिकला गेलो. आत्या 84 वर्षांची, कान तेवढे जरा मंद. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेला माणूस त्यांत घरातल्यांची नावं लिहून, सही करून जायचा. गुरुजींनी विचारलं, “गाव?” मी छाती काढून म्हणालो, “वडगाव मावळ!” त्यांनी दोन वह्या चाळल्या. आमचं कुणी नाही. “दुसरं एखादं वडगाव आठवतंय का?” मी गप्प.

एवढ्यात आत्या म्हणाली, “अरे, वडगाव तर आपल्या पानाच्या हंड्यावर आहे.”

हा हंडा तांब्याचा. गळ्याशी ‘पान’ अशी अक्षरं कोरलेली, म्हणून पानाचा हंडा. लग्नकार्यात विड्याची पानं भिजत घालायला केला असेल, अशी आमची समजूत. ‘पान’च्या आधी एक पोचा आहे. आत्या म्हणाली, “त्या पोच्यात काय आहे ते मला विचार. लहानपणापासून चिंच लावून मीच घासलाय.”

गुरुजी हसायला लागले. “अहो, मग वडगाव पान म्हणा की! संगमनेरजवळचं!”

दहा मिनिटांत वही आली. शके 1796, म्हणजे 1874. शकात 78 मिळवले की इसवी सन, हे लिहून ठेवा. खापरपणजोबांच्या हातची मोडी. गुरुजींनी वाचून दाखवली, आणि आडनाव निघालं ढेकणे. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंद: ‘ढेकणे, हल्ली वडगावकर, मुक्काम पुणे’. मधे 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ. आमची माणसं त्यातच बाहेर पडली असावीत. लढाई राहिली बाजूला. ढेकणे आडनावाचे कुणी ऐकत असतील तर रागावू नका, आता मी तुमच्यातलाच. आत्या मात्र मोठ्यानं म्हणाली, “तरीच दादांना गाद्या उन्हात घालायचं एवढं वेड!”

त्या वहीत पणज्यांचीही नावं होती बरं का. आजोबांच्या वंशावळीत एकही बाई नाही, जणू आमच्याकडे पुरुषांनाच पुरुष झाले.

वेळ थोडा उरलाय, बाकीचं भराभर सांगतो. आजोबांची जन्मनोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात बघा. ती तहसील कार्यालयात विचारा. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, आडनावं मास्तरांच्या टाकानंही बदलली आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात जायचं तर पूर्वजानं इनाम मिळवलेलं असावं, नाहीतर वतनावरून भांडण तरी केलेलं असावं. गुण्यागोविंदानं राहिलेला माणूस सरकारी कागदात येत नाही. आणि मोडी शिका. तिच्यात शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. शाळेत शुद्धलेखनाचा मार खाल्लेल्यांना ती फार आवडेल. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं कळलं तरी निम्मं पान सुटतं.

आणि मोडी शिकताना भांडी मोडीत घालू नका. स्टीलच्या दोन डब्यांपायी लोकांनी कोरलेल्या नावांसकट तांबं-पितळ फुंकून टाकलं, हे मी कुठल्याही विषयावर बोलताना सांगतोच. आधी भांडं उलटंसुलटं करून बघा. आधी गाव, मग आडनाव.

परत आल्यावर मी आत्याकडे तो हंडा मागितला. ती म्हणाली, “तुला रे कशाला? तू वडगाव मावळचा. हंडा ढेकण्यांचा आहे.”