कपडे बदलायच्या खोलीतला कागद

नमस्कार श्रोतेहो.

जपानच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्कामाला जायचं तर काय काय बघायचं, एवढाच आजचा विषय. झऱ्याला तिकडं ओन्सेन म्हणतात आणि जुन्या वळणाच्या मुक्कामघराला रियोकान. हाकोने सगळ्यांना ठाऊक आहे. टोकियोहून जवळ, त्यामुळं गर्दीही तिथंच. मी बोलणार आहे त्याहून बरंच आतल्या भागाबद्दल, नागानो आणि गिफू या दोन प्रांतांच्या शिवेवरच्या डोंगरांबद्दल. होताका ३,१९० मीटर, नोरिकुरा ३,०२६ मीटर. मे महिन्यातही माथ्यावर बर्फ असतो.

गिफूच्या अंगाला ओकुहिदा. हिरायु, फुकुजी, शिन-हिरायु, तोचिओ आणि शिन-होताका अशी पाच झऱ्यांची गावं तिथं आहेत. ताकायामाहून बस निघते आणि तासाभरात हिरायुला पोचते. नागानोच्या अंगाला शिराहोने. मध्ये आबो खिंड. १९९७च्या डिसेंबरात खिंडीखालून बोगदा झाला, तोवर हिवाळ्यात ही वाट बर्फानं बंद व्हायची.

पहिली गोष्ट पैशाची, कारण आपली माणसं इथंच फसतात. भाडं खोलीचं नसतं, माणशी असतं. पुन्हा सांगतो, माणशी. वीस हजार येन लिहिलंय आणि तुम्ही दोघं आहात, तर चाळीस हजार. त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. वर माणशी दीडशे येनच्या आसपास न्हाण्याचा कर. बक्षिशी द्यायची नाही, दिलीत तर समोरच्याला संकोच होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते आणि जेवण सहा-साडेसहाला मांडतात. रात्री आठला पोचलात तर जेवण गेलं, आणि डोंगरात बाहेर काही मिळत नाही. जेवण म्हणजे दहा-बारा लहान वाट्या-ताटल्या, एकेक करून आणलेल्या. शाकाहारी असाल तर खोली ठरवतानाच कळवा, पोचल्यावर सांगून उपयोग नाही. ‘मासे नकोत’ एवढंही पुरत नाही, कारण तिथला दाशी, म्हणजे पदार्थाला चव देणारं मूळ पाणी, आपल्या फोडणीसारखा सगळ्यात असतो. तो सुकवलेल्या मासळीच्या किसाचा केलेला असतो. शिजवलेल्या भोपळ्यातही तोच, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, त्याच्या सुपातही तोच. म्हणून लिहिताना ‘दाशी कोम्बूचा हवा’ असं लिहा. कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ. लहान घरं कधी कधी जमणार नाही म्हणून कळवतात. तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा आणि दुसरं घर शोधा.

जाता जाता सांगतो, सकाळच्या गरम भातावर घरचं मेतकूट भुरभुरलं तर कुणाची हरकत नसते. पण खोलीत खमंग मसाल्याची पाकिटं फोडू नका. तातामी म्हणजे गवताची जाड चटई, ती वास धरून ठेवते आणि पुढच्या पाहुण्याला तुमची पावभाजी हुंगावी लागते.

तातामीवर अनवाणी किंवा मोज्यांनी जायचं, स्लिपरा उंबऱ्याबाहेर. संडासाच्या स्लिपरा वेगळ्या, त्या तिथंच सोडायच्या. युकाता, म्हणजे अंगावर घ्यायचा सुती झगा, त्याचा डावा पदर वर. डावा वर, उजवा आत. उलटं नेसवतात ते प्रेताला.

खोलीत गेल्या गेल्या चहा आणि एक गोड वडी असते. ती खाऊन घ्या. प्रवासानं रिकाम्या झालेल्या पोटी कढत पाण्यात बसलं की डोळ्यांपुढं अंधारी येते.

आता न्हाणं. पोहण्याचे कपडे नाहीत, काहीच नाही. पुरुषांची न्हाणी वेगळी, बायकांची वेगळी. आधी नळापाशी लहान स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, फेस पुरता काढायचा. मग टबातलंच पाणी बालदीनं पायांवर, मांड्यांवर, खांद्यांवर असं खालून वर आठ-दहा वेळा ओतायचं आणि मगच आत उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. केस बांधलेले हवेत. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं. पहिली बुडी पाच मिनिटांची पुरे, आणि उठताना कठडा धरून हळू उठा. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, झटकन उठलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस तिथंच बसतो. दारू पिऊन जाऊ नका, भरल्या पोटी जाऊ नका.

एवढं झालं की मी नेहमी म्हणतो, कपडे बदलायच्या खोलीतला कागद वाचा. टबातल्या पाण्याचं काय काय केलंय ते सांगणारा, भिंतीवर चौकटीत लावलेला असतो. लोक आरशात बघतात आणि त्याच्याकडं पाठ फिरवतात. या कागदाची गोष्ट सांगायला शिराहोनेला जावं लागेल. थोडा वेळ जाईल, जाऊ दे.

शिराहोने म्हणजे साधारण १,४०० मीटर उंचीवर, दरीच्या कडेला चिकटलेलं गाव. तिथली म्हण अशी की इथं तीन दिवस न्हालं तर तीन वर्षं पडसं होत नाही. पाणी दुधासारखं, त्यासाठीच गाव नावाजलेलं. आणि गावाच्या नावाचा अर्थ काय, तर पांढरी हाडं! पण जुनं नाव तसं नव्हतं. जुनं नाव शिराफुने. फुने म्हणजे होडी, आणि लाकडी टबालाही तेच म्हणायचे. पाण्यात चुना इतका की लाकडी टब आतून पांढरे व्हायचे. आपल्या गिझरच्या कॉइलवर खडू जमतो, तसाच थर. पांढरे टब, म्हणून शिराफुने. पुढं एका गाजलेल्या कादंबरीत शिराहोने असं आलं आणि तेच रूढ झालं.

आता गंमत बघा. हे पाणी जमिनीतून निघतं तेव्हा पांढरं नसतं. नितळ असतं, फार तर किंचित निळसर. त्यात गंधकाचा वायू विरघळलेला असतो, तोच तो उकडलेल्या अंड्याच्या वासाचा. पाणी हवेला लागलं की त्या वायूतून गंधकाचे अतिसूक्ष्म कण सुटे होतात. शिवाय पाण्यातला कर्बवायू उडून जातो आणि विरघळलेला चुना बाहेर पडतो. दोन्ही मिळून दुधाळपणा. म्हणजे पांढरं पाणी हे हवा खाल्लेलं पाणी. नुकतंच भरलेलं नितळ दिसतं, काही तासांनी दुधाळ होतं. झऱ्याचा प्रवाह बदलला, दोन झरे एकात मिसळले, की रंगही बदलतो.

आणि तसंच झालं. गावाच्या सार्वजनिक उघड्या न्हाणीत पाणी पूर्वीइतकं पांढरं दिसेना. माहितीपत्रकावर तर दुधाचा टब छापलेला. लांबून येणारा पाहुणा तोच फोटो हातात धरून यायचा. मग काय केलं असेल? न्हाणीच्या पाण्यात टाकायची पावडर आणली आणि ओतली. पाणी पांढरं झालं, पाहुणे खूश. हे काही वर्षं चाललं, आणि जुलै २००४मध्ये एका साप्ताहिकानं ते छापलं.

जपानात हलकल्लोळ झाला. ज्या देशात माणूस सुट्टी मिळाली की ओन्सेनला पळतो, तिथं हे म्हणजे आळंदीला इंद्रायणीऐवजी टँकरचं पाणी सोडल्यासारखं. नागानोचे गव्हर्नर तेव्हा यासुओ तानाका होते. गव्हर्नर म्हणजे तिथं निवडून येणारा माणूस, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. हे तानाका मूळचे कादंबरीकार. ते स्वतः चौकशीला गावात गेले. सार्वजनिक न्हाणी बंद ठेवावी लागली. आणि ज्या घरांनी चिमूटभर पावडर कधी टाकली नव्हती, ज्यांचं पाणी आपोआप पांढरं होत होतं, त्यांनाही पाहुणे ‘खरं का हो?’ असं विचारायला लागले. भोगलं त्यांनीच जास्त.

मग धागा सुटत गेला. दुसऱ्या प्रांतांतल्या नामांकित ठिकाणी कुणी नळाचं पाणी तापवून झऱ्याचं म्हणून देत होतं, तर कुणी थेंबभर झरा आणि बाकी विहीर. त्या उन्हाळ्यात जपानी वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता.

माझं मत विचाराल तर मी पावडर टाकणाऱ्याइतकाच फोटो धरून येणाऱ्यालाही दोष देतो. हापूस पिवळाधमक नसला तर पेटी परत करणारे आपणच, आणि मग आंबा कशानं पिकवला म्हणून ओरडणारेही आपणच. पाण्याला रंगाची शिस्त लावायला निघालं की पावडर येणारच. असो, विषय कागदाचा होता.

या सगळ्यातून नियम निघाला. जपानात ओन्सेनचा कायदा १९४८चा. झऱ्याच्या तोंडाशी पाणी किमान २५ अंश असलं, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एक जरी पुरेशा प्रमाणात असला, तरी ते ओन्सेन. पण टबात येईपर्यंत त्याचं काय होतं, हे सांगायचं बंधन नव्हतं. मे २००५पासून ते आलं. चार गोष्टी केल्या असतील तर भिंतीवर लिहाव्याच लागतात, आणि का केल्या तेही. साधं पाणी मिसळलं का, ते कासुई. तापवलं का, ते काओन. तेच पाणी गाळून पुन्हा फिरवलं का, ते जुन्कान. आणि औषध किंवा आणखी काही घातलं का. क्लोरीन असेल तर ‘शोदोकु’ असा शब्द येतो. पुन्हा सांगतो : कासुई, काओन, जुन्कान, शोदोकु.

यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे फसवणूक असं समजू नका. झरा ८० अंशांचा असेल तर गार पाणी मिसळावंच लागतं, नाहीतर सोलून निघाल. झरा ३० अंशांचा असेल तर जानेवारीत तापवावाच लागतो. कारण लिहिलंय ना, मग ठीक. एकदा वापरलेलं पाणी न फिरवता वाहून जाऊ देतात त्याला काकेनागाशी म्हणतात, आणि जाणकार तेच शोधतात. अक्षर वाचता येत नसेल तर खोली घेतानाच विचारा, ‘गेन्सेन काकेनागाशी देसु का?’, म्हणजे झऱ्याचं पाणी न फिरवता वाहू देता का. हे आधीच विचारायचं, कारण कपडे बदलायच्या खोलीत मोबाइलचा कॅमेरा काढून भाषांतर करता येत नाही. कॅमेरा तिथं काढायचाच नाही, कागदासाठीसुद्धा नाही.

आपल्याकडं वज्रेश्वरीच्या कुंडांवर, तुरळला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावी असा एक कागद लागला तर किती बरं होईल. पाणी किती अंश, त्यात काय काय, आणि शेवटचं कधी तपासलं. फार खर्चाचं काम नाही.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा भराभर सांगतो. कागदावर पीएचचा, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा, आकडा सरळ इंग्रजी अंकात असतो. दोनच्या आसपास असेल, जसा कुसात्सुला, तर पाणी लिंबासारखं आंबट, दाढीच्या कापावर झोंबतं. बाहेर आल्यावर साध्या पाण्यानं अंग धुवा. नऊच्या आसपास असेल, जसा गेरोला, तर कातडी साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागते आणि फरशीही तशीच होते. जपून चाला.

गंधकाचं पाणी असेल तर चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण खोलीतच काढून ठेवा. मंगळसूत्रही काढलेलं बरं, सोन्यात तांबं-चांदी असतेच.

आणि डोंगर. खोली ठरवताना डोंगराकडची का ओढ्याकडची, ते विचारून घ्या. आतल्या न्हाणीच्या काचांवर वाफ धरते, तिथून काही दिसत नाही. डोंगर बघायचा तो बाहेरच्या उघड्या टबातून, आणि सकाळी, उजाडता उजाडता. दुपारी शिखरांवर ढग चढतात. हिवाळ्यात टबाभोवतीच्या दगडांवर रात्रीतून बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तिथं टॉवेल टाकून मग पाय ठेवा.

एक शेवटचं. बऱ्याच घरांत पुरुषांची आणि बायकांची न्हाणी रात्रीतून बदलतात, म्हणजे दोघांनाही दोन्हीकडचा डोंगर बघता यावा. दारावरचा पडदा तेवढा इकडचा तिकडं होतो. बहुधा निळा पुरुषांचा, तांबडा बायकांचा. काल संध्याकाळी डावीकडं गेला होतात म्हणून पहाटे पाचला अर्धवट झोपेत पुन्हा डावीकडं शिरू नका. आधी पडदा बघा.

नमस्कार.